स्टेपनी : पाचव्या चाकाचा प्रवास

१/
मराठी माणसाला ‘स्टेपनी’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. डिकीच्या तळाशी झाकून ठेवलेले पाचवे चाक म्हणजे स्टेपनी. हा शब्द इंग्रजी असावा असे वाटते; पण इंग्लंडमध्ये त्या चाकाला ‘स्पेअर व्हील’ म्हणतात. लंडनमध्ये स्टेपनी नावाची एक वस्ती आहे, मात्र तिचा या चाकाशी काहीही संबंध नाही. शब्द आला तो वेल्समधल्या एका गावातल्या रस्त्यावरून. आज बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये ते चाकच उरलेले नाही. त्याच्या जागी चिकट द्रवाची बाटली आणि छोटा पंप असतो. हे चाक आले कशासाठी आणि गेले कशामुळे, त्याचा हा धागा.

२/
सुरुवात पंक्चरपासून करावी लागते, कारण पंक्चर ही मुळात सुखाची किंमत आहे. बैलगाडीच्या लोखंडी धावेला पंक्चर होत नाही आणि भरीव रबरालाही होत नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, पण ती कल्पना विस्मृतीत गेली. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट नव्याने शोधली. हवेवर चालणारे चाक मऊ धावते, वेगानेही धावते. मात्र त्या हवेला एक खिळा पुरेसा असतो.

३/
मोटारीवर हा टायर चढवण्याचे धाडस फ्रान्समधील आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या बंधूंनी केले. जून १८९५ मध्ये पॅरिस–बोर्दो–पॅरिस ही सुमारे १,१७८ किलोमीटरची शर्यत झाली. एमिल लव्हासोर यांनी भरीव टायरच्या गाडीतून ती सर्वांत आधी, साधारण ४९ तासांत पूर्ण केली. मिशेलिन बंधूंची हवेच्या टायरची गाडी वाटेत पुन्हा पुन्हा थांबत राहिली. १०० तासांची ठरलेली मुदत तिला पाळता आली नाही. तरीही ती पॅरिसला पोहोचली. हवेवर मोटार चालू शकते एवढे सिद्ध झाले. आता ती थांबली तर काय करायचे, हा प्रश्न उरला.

४/
त्या काळी पंक्चर इतकी का होत? पहिले कारण रस्ता. तो घोड्यांचा रस्ता होता आणि त्यावर नालांचे गळालेले खिळे सर्वत्र विखुरलेले असत. दुसरे कारण खुद्द टायर. आतले कापड साध्या उभ्या-आडव्या विणीचे सुती असे. चाक फिरताना धागे एकमेकांवर घासत, तापत आणि तुटत. रबरात काजळी मिसळून ते चिवट करण्याची पद्धत १९१० च्या दशकात रूढ झाली. त्याआधीचे टायर फिकट रंगाचे आणि अल्पायुषी असत. लांबच्या प्रवासाला निघालेला मोटारवाला पंक्चर होईल का, असे विचारत नसे. किती होतील, एवढाच त्याचा प्रश्न असे.

५/
मग जादा चाक का नेत नसत? आजच्या वाचकाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तर असे की चाक काढण्याजोगे नसे. त्या काळातील मोटारीची चाके तोफगाड्याच्या धर्तीची, जाड लाकडी आऱ्यांची असत. ती तुंब्यासकट आसावर कायमची बसवलेली असत. आज आपण चार-पाच नट सोडवून चाक उतरवतो, तशी सोयच नव्हती. त्यामुळे टायरचे जे काही करायचे ते चाक गाडीला असतानाच करावे लागे.

६/
ते काम असे चाले. गाडी जॅकवर उचलायची. लोखंडी पट्ट्या खुपसून ताठ टायर रिमवरून उपटायचा. आतली ट्यूब ओढून छिद्र शोधायचे, तेथे खरवडून सोल्यूशन लावायचे आणि ठिगळ दाबून धरायचे. मग ट्यूब परत आत घालायची, टायर रिमवर बसवायचा आणि हातपंपाने हवा भरायची. हात सोलून निघत. पाऊस असो वा रात्र, हे रस्त्याच्या कडेलाच करावे लागे. आपल्याकडच्या पंक्चरवाल्याचे काम आजही मूलतः हेच आहे. फरक इतकाच की तेव्हा पंक्चरवाला स्वतः चालकच असे.

७/
वेल्समधील लानेली या गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. त्या परिसरातील स्टेपनी या जमीनदार घराण्यावरून ते नाव पडले. तेथे थॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस हे बंधू लोखंडी सामानाचा व्यवसाय करीत. १९०४ मध्ये त्यांनी या अडचणीवर सरळसाधा तोडगा काढला. चाक काढता येत नाही ना? मग काढूच नका. त्यांनी आरे नसलेली नुसती गोल रिम बनवली आणि तिच्यावर हवा भरलेला टायर चढवून ठेवला. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाहेरच्या बाजूला ही रिम कड्यांनी आवळायची. बसका टायर आत तसाच राहतो आणि गाडी बाहेरच्या टायरवर पुढे निघते.

८/
हीच मूळची स्टेपनी. ती पूर्ण चाक नव्हती. चाकाला लावायची कुबडी होती. पण तिने मोटारवाल्याला रस्त्याच्या कडेच्या त्या शिक्षेतून सोडवले. ब्रिटिश साम्राज्यात जिथे जिथे मोटार गेली, तिथे हे नावही गेले. पुढे मूळ वस्तू नाहीशी झाली, पण नाव टिकले. भारतात, बांगलादेशात आणि माल्टामध्ये जादा चाकाला आजही स्टेपनी म्हणतात. ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत त्याचेच ‘एस्तेपे’ झाले. मराठी बोलीत तर कामापुरता हाताशी ठेवलेल्या माणसालाही चेष्टेने स्टेपनी म्हणतात. जन्मभूमीत विस्मरणात गेलेला शब्द परक्या भाषांत असा रुजला.

९/
स्टेपनी प्रवासी गाडीला पुरेशी होती. वेगवान गाडीचे तिच्यावर भागण्यासारखे नव्हते, कारण बाजूला आवळलेल्या रिमवर शर्यत पळता येत नाही. शर्यतीच्या गाडीला यावे लागले ते वेगळ्या वाटेने, आणि त्या वाटेवरचा निर्णायक टप्पा म्हणजे जून १९०६ ची फ्रान्समधील ल माँ येथील शर्यत. इतिहासातील पहिली ग्रां प्री म्हणून ती ओळखली जाते. तिचा एक नियम फार महत्त्वाचा होता : गाडीवर काम करायचे ते चालकाने आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या मेकॅनिकनेच. तिसऱ्या माणसाने हात लावायचा नाही.

१०/
एक फेरी सुमारे १०३ किलोमीटरची. दोन दिवसांत मिळून १२ फेऱ्या, म्हणजे १,२३८ किलोमीटर. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर डांबर शिंपडलेले होते, आणि त्या दोन दिवसांत कडक ऊन पडले. डांबर वितळले, त्याखालचे टोकदार खडे उघडे पडले आणि पुढच्या गाडीच्या चाकांखालून मागच्यांच्या तोंडावर उडू लागले. रेनोच्या एका चालकाच्या डोळ्यांत डांबर जाऊन त्याला फार त्रास झाला. टायर एकामागून एक फाटत गेले. निघालेल्या ३२ गाड्यांपैकी ११ च शेवटपर्यंत पोहोचल्या.

११/
या शर्यतीसाठी मिशेलिनने एक नवी वस्तू आणली होती : सुटी करता येणारी रिम. लाकडी चाक गाडीलाच राहते. टायर चढवलेली, हवा भरलेली बाहेरची रिम तेवढी नट सोडवून उतरवायची आणि तशीच दुसरी बसवायची. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांना जुना टायर सुरीने कापून काढावा लागे, नवा ओढून बसवावा लागे आणि त्यात हवा भरावी लागे. त्याला पाव तासाच्या आसपास वेळ जाई. सुट्या रिमचे काम चार मिनिटांच्या आत आटोपे.

१२/
एवढा फायदा असूनही सर्वांनी ती का घेतली नाही? उत्तर वजनात आहे. नियमाने गाडीला १,००० किलोची कमाल मर्यादा होती. सुटी रिम साध्या चाकापेक्षा सुमारे ९ किलोने जड होती. चारही चाकांना बसवली तर ३६ किलो वाढत. पानार आणि इटाला यांच्या गाड्या आधीच मर्यादेला टेकल्या होत्या. इंजिन हलके करायचे की पंक्चरचा धोका पत्करायचा, असा तो पेच होता. त्यांना रिमविनाच उतरावे लागले. रेनो आणि फियाट यांनी मात्र वजनाचा हिशेब बसवला.

१३/
जिंकली ती रेनो. तिचा चालक फेरेन्क सिस हा हंगेरीत जन्मलेला, मूळचा मेकॅनिक. पूर्वी लुई रेनो यांच्या शेजारी बसून तो शर्यतींत काम करीत असे. त्याचा सरासरी वेग ताशी सुमारे १०१ किलोमीटर होता. दुसऱ्या क्रमांकावर फियाटचा फेलिचे नात्सारो आला, तब्बल ३२ मिनिटांनी मागे. या विजयात इंजिनाचा वाटा होताच. पण ज्या दोन दिवसांत टायर सतत फाटत होते, त्या दोन दिवसांत लवकर सुटणाऱ्या रिमने वाचवलेला वेळ कोणत्याही इंजिनाला भरून काढता आला नसता. जादा ओझे वाहणाऱ्या गाडीने हलक्या गाडीला हरवले, हे येथे लक्षात ठेवावे.

१४/
पुढची पायरी अर्थातच अख्खे चाक सुटे करण्याची होती. कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कंपनीने तारांच्या आऱ्यांचे, मधल्या एकाच मोठ्या नटाने घट्ट होणारे चाक आणले. हातोड्याचे काही ठोके मारले की ते उतरते. फायदा इतका मोठा होता की १९०८ च्या फ्रेंच ग्रां प्रीसाठी आयोजकांनी अशा चाकांना मनाई केली, आणि ती वापरू पाहणाऱ्या ब्रिटिश नेपियर संघाने शर्यतीतून माघार घेतली. मनाई फार काळ टिकली नाही. मधल्या एका नटाचे चाक पुढे कित्येक दशके स्पोर्ट्स कारची खूण होऊन बसले.

१५/
चाक सुटे झाले तेव्हा ते बरोबर नेण्याला खरा अर्थ आला. दोन महायुद्धांमधल्या काळात स्पोर्ट्स कारने हे पाचवे चाक लपवले नाही, मिरवले. कधी ते बाजूच्या मडगार्डवर दिसे, कधी पाठीवर. १९४५ ते १९४९ या काळात बनलेल्या एमजी टीसी या छोट्या दोन आसनी गाडीच्या मागे उभी पेट्रोलची टाकी आणि तिच्यावर आवळलेले तारांचे चाक दिसते. त्या गाडीचे चित्र या चाकाशिवाय पूर्णच होत नाही. ही गाडी दूर जाईल आणि अडली तर स्वतःच्या बळावर परत येईल, असे ते चाक बघणाऱ्याला सांगत असे.

१६/
हा विचार नियमांतही उतरला होता. १९६० च्या दशकात ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत धावणाऱ्या प्रोटोटाइप गाड्यांनाही जादा चाक आणि सामानापुरती जागा ठेवावी लागे. १९६६ ते १९६९ अशी सलग चार वर्षे जिंकणाऱ्या फोर्ड जीटी४० चे पुढचे झाकण उघडले की चाक दिसते ते याच कारणाने. पिटमध्ये नव्या चाकांची रास लागलेली असे, तरी हे एक चाक प्रत्येक फेरीत वाहून न्यावे लागे. शर्यतीच्या गाडीचे रस्त्यावरच्या गाडीशी असलेले नाते तुटू नये, असा त्यामागचा हेतू.

१७/
तोवर एक कटू गोष्ट उघड झाली होती. जादा चाक थांबलेल्या गाडीला उपयोगी पडते; धावत्या गाडीला ते वाचवत नाही. १२ मे १९५७ रोजी इटलीतील मिले मिलिया या सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यतीत, ग्विदिझोलो गावाजवळ, अल्फोन्सो दे पोर्तागो यांच्या फेरारीचा टायर भरवेगात फुटला. पोर्तागो, त्यांचे साथीदार एडमंड नेल्सन आणि रस्त्याकडेचे ९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. प्रेक्षकांपैकी ५ मुले होती. एन्झो फेरारी यांच्यावर खटला चालला आणि १९६१ मध्ये ते त्यातून मुक्त झाले. मिले मिलिया ही वेगाची शर्यत मात्र त्या दिवशीच संपली. वेग वाढला तसा ‘पंक्चर झाल्यावर काय’ या प्रश्नाहून ‘टायर फुटू नये म्हणून काय’ हा प्रश्न मोठा झाला.

१८/
उत्तर टायरमध्ये शोधले गेले. मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल रचनेचे पेटंट घेतले. १९५० च्या दशकात ट्यूबलेस टायर बाजारात रुळला. या दुसऱ्या बदलाचे महत्त्व समजून घेण्यासारखे आहे. ताणलेली ट्यूब फुग्यासारखी असते. छिद्र पडले की ते झपाट्याने मोठे होते आणि हवा क्षणात जाते. ट्यूबलेस टायरमध्ये घुसलेल्या खिळ्याला रबर चहूबाजूंनी धरून ठेवते आणि हवा हळूहळू गळते. चालकाला गाडी सावरायला वेळ मिळतो. रस्त्यावरून घोडे गेले, नालांचे खिळे गेले, डांबर पक्के झाले. पंक्चर दुर्मीळ होत गेले आणि पाचव्या चाकाचे ओझे डोळ्यांत सलू लागले.

१९/
स्पोर्ट्स कारमध्ये तर ते अधिकच सलले. इंजिन मध्ये किंवा मागे गेले, पुढच्या भागात टाकी आणि सामान आले. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद झाले. मग जादा चाक न्यायचे ते कोणत्या मापाचे? आणि रुंद चाक उतरवले तर अरुंद कप्प्यात ते मावणार कसे? दोन आसनी गाडीत ते मळलेले चाक शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवण्याची पाळी यायची. १९७० च्या दशकात पोर्शे ९११ मध्ये हवा काढून घडी घातलेल्या टायरचे जादा चाक आणि गाडीच्या विजेवर चालणारा छोटा पंप मिळू लागला. पाचवे चाक आक्रसू लागले होते.

२०/
१९८६ च्या पोर्शे ९५९ ने पुढची उडी मारली. ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या या गाडीत जादा चाक नव्हतेच. तिचे टायर हवा गेली तरी रिमवरून निसटत नसत, आणि चाकांतील हवेचा दाब कमी झाला की चालकाला सूचना मिळे. १९९७ च्या शेव्हरले कॉर्व्हेटने रन-फ्लॅट टायर सरसकट बसवले आणि जादा चाक काढून टाकले. रन-फ्लॅटची बाजू इतकी जाड असते की हवेशिवायही ती गाडीचा भार पेलते. आज अशा टायरवर साधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत सुमारे ८० किलोमीटर जाता येते. म्हणजे मदत डिकीतून उठून टायरमध्येच जाऊन बसली.

२१/
जेथे रन-फ्लॅट नाही तेथे किट आले. व्हॉल्व्हमधून चिकट द्रव आत सोडायचा, पंपाने हवा भरायची आणि थोडे अंतर चालवायचे. चाक फिरताना द्रव छिद्रापाशी पोहोचून गोठतो. काही किलोंत आणि थोडक्या जागेत काम होते. परंतु मर्यादाही स्पष्ट आहेत. तळव्यातील खिळ्याएवढे छिद्र बुजते. खड्ड्याच्या कडेने टायरची बाजू चिरली, रिम वाकली किंवा टायर फाटला, तर बाटलीचा काही उपयोग नाही. द्रवाला मुदत असते. काही वर्षांनी तो बदलावा लागतो. गाडी विकत घेताना ही गोष्ट फार थोडे लोक पाहतात आणि रस्त्यावर अडल्यावर पाहतात.

२२/
भारतातही हा बदल कायद्यात आला. २०२० च्या सुधारित मोटार वाहन नियमांनुसार, ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या लहान प्रवासी गाडीला जादा चाकाची सक्ती उरली नाही. नियम तंत्राच्या दृष्टीने सुसंगत आहे. तरी किट खिळ्याशी लढते, खड्ड्याशी नाही. आणि पावसाळ्यातल्या घाटात गाठ बहुधा खड्ड्याशी पडते. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर पंक्चरची टपरी मैलामैलावर सापडे. द्रुतगती मार्गावर हवी तेथे उतरायची सोय नाही. चाक न नेणाऱ्याने मदत कुठून येणार याचा हिशेब आधीच केलेला बरा.

२३/
या साऱ्या प्रवासात प्रश्न बदलला नाही. त्याचे उत्तर तेवढे बदलत गेले. १९०६ मध्ये ९ किलोची रिम परवडत नाही म्हणून ती न घेणारे मागे पडले, कारण त्या नियमात बाहेरची मदत नव्हती. आजची स्पोर्ट्स कार चाकाचे ओझे टाकू शकते, कारण तिच्यामागे चांगला टायर आहे, फोन आहे आणि गाडी ओढून नेणारी क्रेन आहे. वजन नाहीसे झालेले नाही. ते गाडीतून निघून रस्त्याच्या व्यवस्थेवर गेले आहे. जेथे ती व्यवस्था भक्कम, तेथे बाटली पुरते. जेथे ती कच्ची, तेथे आजही प्रत्येक चालक ल माँच्या त्या रस्त्यावरच उभा असतो : तिसऱ्या माणसाचा हात नाही, जे बरोबर आणले तेवढेच आपले.

२४/
म्हणून पुढच्या वेळी डिकीतील मॅट उचलून खाली काय आहे ते पाहावे. चाक असेल तर त्यातली हवा तपासावी; बाटली असेल तर तिच्यावरची तारीख वाचावी. ज्या गावाने हा शब्द दिला, तेथील त्या दोन भावांची रिम आता वापरात नाही. पण त्यांनी ओळखलेली गरज प्रत्येक गाडीत, कोणत्या ना कोणत्या रूपात, अजून प्रवास करते आहे.

धागा समाप्त.